मंडळीत (चर्चमध्ये) प्रीतीवर प्रवचनं ऐकतो, पण ती कृतीत आणायची कशी?

तुमच्यासारखी तळमळ बऱ्याच मंडळ्यांत असते. कमी पडते ती व्यवस्था. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा ६ वा अध्याय वाचा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तशी कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूने नेमलेल्या शिष्यांनी, त्यावर प्रवचन दिलं नाही, त्या कामासाठी मंडळीला ७ जण निवडायला सांगितलं. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांकडे काम सोपवलं गेलं. तुम्हीही मदत करणाऱ्या गटात आजारपण, बेकारी, वैधव्य सोसलेली माणसं आवर्जून घ्या. अडचण कुठे असते ते त्यांना चटकन दिसतं.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य सोडून द्या. त्याने मागण्याचं ओझं पुन्हा त्या दुःखी माणसावरच पडतं. त्याऐवजी "मंगळवारी संध्याकाळचं जेवण आणू, की गुरुवारी मुलांना शाळेतून घेऊन येऊ?" असं विचारा. दोन्हींपैकी एक निवडणं सोपं जातं.

घरात आजारपण किंवा मृत्यू झाला की पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी चार घरचे डबे येतात आणि महिन्याभराने कुणी फिरकत नाही. म्हणून एकाच व्यक्तीने वेळापत्रक सांभाळावं. जेवण एक दिवसाआड, परत करावं लागणार नाही अशा भांड्यात, पथ्य आधी विचारून. दारात दहा मिनिटं, त्यांनी बसा म्हटलं तरच बसायचं. मृत्यूनंतरचा तिसरा महिना, पहिला नाताळ आणि गेलेल्या माणसाचा वाढदिवस वहीत आजच लिहून ठेवा. खरा एकटेपणा तेव्हा जाणवतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या लक्षात नसतं.

पैशाची मदत एकट्याच्या हातून कधीही होऊ देऊ नका. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पोहोचवताना कुणी दोष लावू नये म्हणून प्रेषित पौलानेही सोबत माणसं पाठवली होती (२ करिंथ ८). दोघांना हिशोब माहीत असावा, बाकीच्यांना नाव कळायचीही गरज नाही. फोटो तर नकोच. मदतीला उपासनेच्या हजेरीची अटही नको, नाहीतर तो सौदा होतो.

प्रार्थनेच्या विनंत्या जपून हाताळा. "हे मंडळीत सांगितलं तर चालेल का?" हे विचारल्याशिवाय कुणाचा आजार किंवा घरातला वाद मोठ्याने मांडू नका. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चर्चेचा विषय झाली, तर ते कुटुंब पुन्हा काही सांगणार नाही.

मदत घेणाऱ्यालाही काही द्यायला वाव ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या आजी रोज एका एकट्या माणसाला फोन करू शकतात. आणि तीच चार माणसं वर्षानुवर्षं राबत असतील तर दर दोन महिन्यांनी पाळी बदला. सुरुवात एकाच कुटुंबापासून करा. ते सावरलं की मग दुसरं घ्या.