कॉन्फरन्सबाहेरचे सामने ठरवताय? आधी एवढं करा

अमेरिकी कॉलेजांच्या आइस हॉकीच्या वेळापत्रकाच्या कामात आलात, स्वागत! पहिल्या वर्षी सगळेच गोंधळतात, घाबरू नका.

आधी वजाबाकी. एनसीएए (कॉलेज खेळांची अमेरिकी संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे तिच्या वरच्या श्रेणीच्या, पुरुष हॉकीत नियमित सामन्यांची मर्यादा ३४. संघ आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या गटात, खेळतात; हॉकी ईस्ट या कॉन्फरन्सचे २४ गेले की बाहेरच्यांसाठी हातात उरतात १०. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, कॉर्नेल वगैरे विद्यापीठांच्या) संघांना २९चीच मुभा, आणि ते मैदानात उतरतातही उशिरा. म्हणून हार्वर्ड-कॉर्नेलकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीची तारीख मागणं हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा.

लक्षात ठेवा:

- मोकळ्या तारखा मुख्यतः ऑक्टोबरमध्ये आणि नाताळच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीत सगळे कॉन्फरन्समध्ये अडकलेले. कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या स्वतंत्र संघांचे हाल तेव्हाच.
- 'यंदा तुमच्याकडे, पुढच्या वर्षी आमच्याकडे' हे लेखी घ्या. मी एकदा तोंडी शब्दावर विसंबलो. समोरचा प्रशिक्षक बदलला आणि परतीचा दौरा हवेत विरला.
- फक्त सोपे प्रतिस्पर्धी गोळा करू नका. राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीत प्रतिस्पर्ध्याचं बळही मोजलं जातं.

अलास्काला जाऊन खेळलेले सामने ३४मध्ये धरत नाहीत. मोह होईल, पण आधी विमानभाडं बघा! निवडीच्या गणिताचे बारकावे सध्या राहू द्या. आज रिंकच्या मोकळ्या तारखा तेवढ्या लिहून काढा.