सिंगापूरला येतोयस, तर कुणाला काय सांगायचं

तुझा प्रश्न असा: पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला येतोय, जोडीदार सध्या पुण्यातच आहे, तर गे असल्याचं तिकडे लपवावं लागेल का?

पोलिसांची भीती मनातून काढून टाक. पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७अ इथल्या संसदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केलं. त्याच वेळी घटनादुरुस्ती करून लग्नाची स्त्री-पुरुष ही व्याख्या मात्र कोर्टातल्या आव्हानापासून सुरक्षित केली. म्हणजे तुम्ही परदेशात जाऊन लग्न केलंत तरी जोडीदाराला डिपेंडंट पास, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणारा राहण्याचा परवाना, मिळणार नाही. त्याला स्वतःच्या नोकरीवरच यावं लागेल. हे तू निघण्याआधी दोघांनी नीट बोलून घ्या.

ऑफिसात घाई करू नकोस. भेदभावाविरुद्धचा २०२५ चा नवा कायदा वय, लिंग, धर्म वगैरे धरतो, लैंगिक कल धरत नाही. आधी टीममधल्या एकाला सांग, तो कसा घेतो ते बघ.

खरी कसोटी आपल्याच माणसांत. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एखादी काकू विचारणारच, "घरी मुली बघतायत ना? माझ्या जावेची भाची बंगळुरूला आहे, फोटो पाठवू?" अशा वेळी "आहे एक मुलगी" असं चुकूनही म्हणू नकोस. मग तिचं नाव लागतं, गाव लागतं, दिवाळीला ती का आली नाही याचं कारण लागतं. "नको काकू, मला लग्नासाठी मुलगी बघायची नाहीये" एवढंच हसून म्हण. ते खरंही आहे आणि पुरेसंही. काकू प्रेमानेच विचारतात, पण इथली बातमी संध्याकाळपर्यंत कोथरूडला पोचते. म्हणून आईबाबांना तुझ्या तोंडून कळेपर्यंत मंडळात कुणालाच सांगू नकोस. त्यांना हे परक्याकडून कळावं, असं मला अजिबात वाटत नाही.

हाँग लिम पार्कातल्या पिंक डॉट या एलजीबीटी मेळाव्याला जावंसं वाटेल, पण २०१७ पासून तिथे फक्त नागरिक आणि पीआर (कायमचे रहिवासी) यांनाच प्रवेश आहे. नोकरीच्या पासवर असेपर्यंत जाऊ नकोस. मन मोकळं करायला ऊगाचागा ही संस्था आहे, तिथे समुपदेशन मिळतं.

आणि खोली घेताना मालक त्याच घरात राहतो का, रात्री पाहुणा चालतो का, हे करारावर सही करण्याआधी विचार. जोडीदार भेटायला आला की त्याला "चुलतभाऊ" म्हणावं लागेल अशा घरात भाडं कितीही कमी असलं तरी राहू नकोस.