महिन्याला १९ हजार मिळवणाऱ्याला इन्कम टॅक्स नाही. मग बजेटचा त्याच्या घराशी संबंध काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पगार १९ हजार, कमावणारे तुम्ही एकटे, दोन मुलं शाळेत, पत्नीला लाडकी बहीण योजनेचे १,५०० येतात. इन्कम टॅक्स आयुष्यात कधी भरला नाही. २०२५ च्या बजेटनंतर १२ लाखांपर्यंतच्या करमाफीचा एवढा गाजावाजा झाला, पण तुमच्या घरात काडीचाही फरक पडला नाही. मग हे बजेट बघायचं तरी कशाला?

मी अर्थतज्ज्ञ नाही. एकवीस वर्षं कंत्राटी कामगारांची पगारपत्रकं बनवते. त्या टेबलावरून जे दिसतं तेवढंच सांगते.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही पगारावर कर भरता. पगाराची स्लिप काढा, कपातीच्या रकान्यात 'पीटी' असं लिहिलेलं असेल. तो प्रोफेशनल टॅक्स, राज्य सरकारचा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार १० हजारांच्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. (दर फेब्रुवारीच्या पगाराला कोणी ना कोणी माझ्याकडे येतंच: "मॅडम, शंभर रुपये कमी का?") हा कर मुळात १९७५ साली रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करण्यासाठी लावला गेला, हेतू चांगला होता. पण राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली २५० वरून वाढवली, त्यानंतर नाही. त्यामुळे महिन्याला १२ हजारवाला २,५०० भरतो आणि २ लाखवालाही २,५००च.

आता गंमत बघा. वर्षाला १२ लाख पगार असलेल्या माणसाला नव्या पद्धतीत इन्कम टॅक्स शून्य. त्याच्या पगारावर उरतो तो हा २,५०० चा पीटी, म्हणजे त्याच्या कमाईच्या ०.२ टक्के. तुमची वर्षाची कमाई २,२८,०००. त्यावर २,५०० म्हणजे १.१ टक्के. 'इन्कम टॅक्स न भरणारे' तुम्ही कमाईच्या हिशोबाने त्याच्या पाचपट दराने कर देताय. बायकांसाठी राज्याने एप्रिल २०२३ पासून ही रेषा १० हजारांवरून २५ हजारांवर नेली. त्या महिन्यात आमच्याकडच्या पॅकिंगच्या बायकांना हातात दोनशे रुपये जास्त पडले आणि एकीलाही कारण माहीत नव्हतं. पुरुषांची रेषा होती तिथेच राहिली.

यातच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. बजेटच्या दिवशी टीव्हीवर सांगतात काय बदललं ते. कमी पगाराच्या घराला जास्त लागतं ते जे बदललं नाही. कुठल्या तरी साली ठरवलेला एखादा आकडा तिथेच पडून असतो. पगार दरवर्षी थोडा थोडा सरकत त्याच्यापाशी पोचतो आणि एके दिवशी ओलांडतो. सरकारला त्यासाठी काही करावंच लागत नाही. बातमीही होत नाही.

सगळ्यात वाईट आकडा माझ्या मते ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा. २१ हजार. त्याहून जास्त पगार असेल तर माणूस ईएसआयच्या बाहेर. १ जानेवारी २०१७ ला ही मर्यादा १५ हजारांवरून २१ हजार केली आणि मग कित्येक वर्षं तिला कोणी हात लावला नाही. त्या काळात किमान वेतन वाढलं, महागाई भत्ता वाढला, ओळीने माणसं बाहेर पडत गेली. मीच त्यांची नावं यादीतून काढली.

त्यातला एक फोर्कलिफ्ट चालवायचा. पगार २०,७००, बायकोचं मोठं आजारपण चाललेलं, सगळं ईएसआयच्या कार्डावर. मार्चमध्ये वाढीची यादी आली, त्यात त्याला ६०० रुपये. तो केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, माझी वाढ रद्द करता येईल का?" वाढ नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. हिशोब मात्र त्याचा बरोबर होता. पगारातून ईएसआयचे कापले जायचे ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १५५ रुपये. त्या १५५ मध्ये घरातल्या सगळ्यांना डॉक्टर, औषधं, तपासण्या. आणि स्वतः आजारी पडला तर ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. हे सगळं सोडायचं, आणि मिळणार काय, तर ६०० रुपये.

"सरकारी आरोग्य योजना आहेत की" असं कोणी तरी म्हणेलच. आहेत, आणि रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर त्यांचा खरंच उपयोग होतो. पण महिन्याची औषधं आणि बुडालेला पगार त्या देत नाहीत.

आता तुमचाच हिशोब करू. समजा उद्या तुमचा पगार १९,००० वरून २१,१०० झाला. २,१०० ची वाढ, घरी पेढे. पण वर्षाचं उत्पन्न झालं २,५३,२००. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची. म्हणजे नियमाप्रमाणे १,५०० बंद. ईएसआयची १४३ रुपयांची कपात वाचली, ते धरून घरात खरी वाढ झाली ७४३ रुपयांची. २,१०० पैकी १,३५७ गेले, जवळजवळ ६५ टक्के. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला नव्या पद्धतीत शेवटच्या रुपयावर सरचार्ज आणि सेस धरून ३९ टक्के कर लागतो. तुमचे ६५. आणि वर दवाखाना गेला तो वेगळाच. याला कोणी कर म्हणत नाही, म्हणून त्यावर चर्चासत्रंही होत नाहीत.

योजना वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. आमच्याकडे कितीतरी बायकांनी त्या दीड हजारातून मुलांच्या क्लासची फी भरली. पण अडीच लाखांना दोन रुपये कमी असले तर पूर्ण १,५००, दोन रुपये जास्त झाले तर शून्य, ही रचना चुकीची आहे. रक्कम हळूहळू कमी होत गेली तर माणसाला पगारवाढीची भीती वाटणार नाही.

असे पडून राहिलेले आकडे आणखीही आहेत. पीएफ ज्या पगारापर्यंत सक्तीचा, ती मर्यादा २०१४ पासून १५ हजार. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम त्याच सालापासून १,००० रुपये. रेशनचं तर काय सांगावं! अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी महाराष्ट्रात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार अशी ठरली. ५९ हजारांना १२ ने भागा, महिन्याला पाच हजारही होत नाहीत. शहरात एवढ्यावर कोण घर चालवतं? शिवाय किती लोकांना धान्य द्यायचं तो कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर जन्मलेली मुलं आणि नव्याने थाटलेले संसार त्या कोट्यात दाटीवाटीने बसवायचे. मोफत धान्याची योजना १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढवली हे खरं आहे, पण ती कार्ड असलेल्यांसाठी.

आता वस्तूंवरच्या कराकडे येते, कारण "गरीब कर भरतच नाहीत" असं कोणी ना कोणी म्हणतंच. १९ हजारांतला जवळजवळ प्रत्येक रुपया महिनाअखेरपर्यंत खर्च होतो आणि त्यातल्या बऱ्याच खर्चावर जीएसटी असतो. जास्त पगारवाला काही भाग शिल्लक टाकतो, त्या शिल्लकीवर जीएसटी लागत नाही. एवढं साधं आहे ते. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के, घरगुती सिलिंडरवर ५ टक्के. तो दर घेणाऱ्याचा पगार विचारत नाही.

इथे न्यायाने सांगायला हवं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत जो बदल झाला तो तुमच्या घरापर्यंत पोचणारा होता. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, वह्या-पेन्सिलींवरचा कर शून्य झाला. दुकानदाराने पूर्ण सूट पुढे दिली तर ११८ ची वस्तू १०५ ला. अर्थात पाच-दहा रुपयांच्या पुडीत किंमत तीच ठेवून वजन वाढवतात, तेव्हा तुमचा फायदा ग्रॅममध्ये मोजायचा. आणि हा निर्णय बजेटचा नव्हता बरं का. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते, वर्षात केव्हाही.

पेट्रोल-डिझेलचंही तसंच. ५ मे २०२० च्या रात्री केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवला. जगात कच्चं तेल तेव्हा मातीमोल झालं होतं, म्हणून पंपावरचा भाव त्या दिवशी हलला नाही आणि कोणाला काही वाटलं नाही. जी स्वस्ताई आपल्यापर्यंत यायची होती ती वाटेतच वळवली गेली. हा कर लिटरवर असतो, म्हणजे कामावर जायला जुनी दुचाकी चालवणारा आणि मोठी गाडी चालवणारा, दोघांना सारखा. डिझेलवरचा तर गाडी नसलेल्यालाही लागतो, भाड्यातून आणि मालाच्या वाहतुकीतून.

राज्याचं बजेट मार्चमध्ये येतं. त्याकडे कोणी बघत नाही, आणि मला वाटतं कमी पगाराच्या माणसाने तेच आधी बघावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ च्या राज्य बजेटमधून आलं. आमच्याकडे तालुक्याहून रोज येणाऱ्या बायकांना त्याने जितका दिलासा मिळाला तितका दिल्लीच्या कुठल्याही भाषणाने दिला नसेल. मग जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. बायकांचं वाढलेलं तिकीट अर्ध्यात आलं, पुरुषांना पूर्ण बसलं.

१२ लाखांच्या सूटीबद्दल माझं मत विचाराल तर, माझ्या नवऱ्याला तिचा फायदा झाला, म्हणून तोंड वर करून टीका करत नाही. पण अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की १२ लाखवाल्याचे वर्षाला ८० हजार वाचतील, म्हणजे तुमच्या चार महिन्यांच्या पगाराहून जास्त. सरकारने त्यासाठी सुमारे १ लाख कोटींचं उत्पन्न सोडलं. त्याच बजेटमध्ये देशभरच्या मनरेगाला ८६ हजार कोटी होते, आदल्या वर्षीइतकेच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, मी आणखी काही बोलत नाही.

एक काम मात्र आजच करा, तुमच्यासाठी नाही, ओळखीत असं कोणी असेल तर त्याच्यासाठी: त्याला इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला सांगा. हल्ली डेटा एन्ट्रीची, ऑफिसातली साधी साधी माणसं 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि पैसे देताना १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात. वर्षाला दोन-अडीच लाख मिळवणाऱ्यावर कर शून्य, पण त्याचे २०-२५ हजार सरकारकडे जाऊन बसतात. रिटर्न भरलं तर ते परत मिळतात, नाही भरलं तर राहिले तिथेच. माझ्या भाच्याने दोन वर्षं भरलंच नव्हतं, कारण "आपल्याला कुठे टॅक्स लागतो".

त्या फोर्कलिफ्टवाल्याचं काय झालं ते राहिलंच. ईएसआयच्या कपातीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेबाहेर गेला तर तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि त्या कपातीवर पुढच्या सहामाहीचे लाभ मिळतात. मालकाला सांगून त्याची वाढ १ एप्रिलऐवजी १ मेपासून लावली. एक महिन्याचे ६०० रुपये गेले, पण सप्टेंबरपर्यंत कपात झाली आणि पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत हक्क राहिला. तुम्हाला कधी २१ हजार ओलांडणारी वाढ देऊ केली, तर रक्कम विचारायच्या आधी महिना विचारा. एप्रिल किंवा ऑक्टोबर म्हणाले तर एक महिना पुढे ढकला म्हणावं.