अलॉय व्हीलचा रंग उडालाय. घरीच रंगवू की पावडर कोटिंग करून घेऊ? खर्च किती येईल?

घरी रंगवा. पण जुन्या थरावरच चंदेरी स्प्रे मारायचा बेत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आमच्या दाजींनाही मी हे तोंडावर सांगितलंय.

आमच्या दोघांच्या गाड्या दिंडोरीच्या मळ्यात द्राक्षबागेच्या कडेला उभ्या असायच्या. बोर्डो म्हणजे बुरशीवरच्या फवाऱ्यासाठी मोरचूद आम्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच कालवतो, कारण ते धातू खातं. आणि तोच फवारा वाऱ्याने चाकांवर! तांब्याचा क्षार उघड्या अ‍ॅल्युमिनियमला लागला की बारीक खड्डे पडतात. खडी लागून क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, टवका उडाला होता, तिथून ओल शिरली आणि थराखाली अळी फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या. दाजींनी त्यावरच रंग मारला. पावसाळा सरेपर्यंत पापुद्रे नखाने निघायला लागले.

मी टायर उतरवले, पेंट रिमूव्हरने जुना थर काढला आणि पांढरी रेघ पार जाईपर्यंत घासलं. आधी 180चा खरखरीत पॉलिश पेपर, मग 320, शेवटी 600चा बारीक, पाण्यात भिजवून. आई म्हणाली, एवढ्या मेहनतीत घरातली सगळी भांडी निघाली असती. खड्ड्यांत पुट्टी भरली, थिनरने पुसलं आणि लगेच एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा अस्तराचा हात. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही. मग रंगाचे पातळ हात, वर क्लिअर. दाजी अजून म्हणतात, “कंपनीची चमक नाही.” नसू दे, पापुद्रे तरी नाहीत.

डायमंड कट, म्हणजे यंत्रावर कापून चकाकवलेला चाकाचा दर्शनी भाग असेल, तर मात्र लेथच हवा. त्यात दर वेळी धातू कापला जातो, म्हणजे ते सारखं सारखं करता येत नाही.

पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड मारून भट्टीत भाजलेला थर, रंगापेक्षा टणक, नाशिकच्या अंबड-सातपूरला करून मिळेल. पण भट्टी 180-200 अंश सेल्सिअसची असते, साधी पुट्टी तिथे टिकत नाही. खर्च दुकानागणिक बदलतो, दोन-तीन ठिकाणी विचारा.

हो, चाकाला तडा असेल तर रंगाच्या नादी लागू नका, बदलाच. आणि नट बसतो ती जागा व हबला टेकणारी मागची बाजू टेप लावून झाका. तिथला रंग दबला की नट ढिले पडतात. दाजींनी तिथेही स्प्रे मारला होता. नट आवळायला पाना माझाच नेला.