वाचकांचे प्रश्न : केनियात वन्यप्राण्यांपलीकडे काय पाहावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असून येत्या जानेवारीत केनियाला जात आहोत. अभयारण्यांची सहल संपल्यावर आमच्या हाताशी चार दिवस उरतात. तिकडे प्राण्यांखेरीज पाहण्यासारखे काही नाही, असे अनेकांनी सांगितले. आम्हा दोघांनाही इतिहासाची आवड आहे. या चार दिवसांत काय पाहावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला मनावर घेऊ नये. चार दिवसांपैकी दोन नैरोबीसाठी आणि दोन किनाऱ्यासाठी ठेवावेत. मात्र ओढाताण झालीच, तर नैरोबीतला एक दिवस कमी करावा, किनाऱ्याचा नव्हे.

नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानवाच्या उत्क्रांतीचे दालन आहे. उत्तर केनियातील तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस १९८४ मध्ये केनियाचे जीवाश्मशोधक कामोया किमेयू यांना सापडलेला, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा या संग्रहालयाचे सर्वांत मोठे धन आहे. दुसऱ्या दिवशी मगादीच्या रस्त्याने ओलोर्गेसायली या अश्मयुगीन स्थळाला जाता येईल. लुई आणि मेरी लीकी या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तेथे उत्खनन केले. हत्यारे जिथे सापडली तिथेच ठेवलेली आहेत आणि लाकडी पुलावरून चालत शेकडो दगडी हातकुऱ्हाडी खाली पसरलेल्या दिसतात. निघण्यापूर्वी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय पाहून जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्याच जिल्ह्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर त्याच घडणीची हत्यारे मिळाली आहेत, हे ध्यानात ठेवून ओलोर्गेसायली पाहिले, तर त्या दगडांकडे पाहण्याची नजरच बदलते.

आता किनारा. नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने पाच-सहा तासांत पोहोचता येते. तेथील फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगिजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला आणि त्याचा आराखडा भारतातील पोर्तुगीज ठाण्यांची बांधकामे पाहणाऱ्या जोव्हान्नी बातिस्ता कैराती या इटालियन स्थापतीने केला. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो जवळजवळ तेहतीस महिने चालला आणि १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. अडकलेल्या शिबंदीच्या मदतीला गेलेले ‘सांतो अंतोनियो दे तान्ना’ हे लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाले. हे जहाज आपल्या वसईत बांधलेले होते! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, हे आपण दोघांनी वर्गात कितीतरी वेळा शिकवले असेल. त्याच वसईच्या कारागिरांनी घडवलेले जहाज मोंबासाच्या समुद्रतळाशी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ पडून होते. १९७७ ते १९८० दरम्यान पाण्याखाली उत्खनन झाले आणि त्यातून निघालेल्या वस्तू किल्ल्यातील संग्रहालयात मांडल्या आहेत. तेथे घाई करू नये. निदान अर्धा दिवस द्यावा. इंग्रजांच्या काळात हा किल्ला तुरुंग होता; युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तो २०११ मध्ये आला.

शेवटचा दिवस मालिंदी या किनाऱ्यावरील शहराच्या दक्षिणेस, जंगलात दडलेल्या गेदी या ओसाड नगरासाठी ठेवावा. प्रवाळाच्या दगडात बांधलेली मशीद, राजवाडा, घरे आणि विहिरी असलेले हे स्वाहिली नगर सतराव्या शतकात लोकांनी सोडले. पुरातत्त्वज्ञ जेम्स किर्कमन यांच्या उत्खननात तेथे चिनी मातीची भांडी आणि भारतातून गेलेल्या वस्तूही मिळाल्या. ज्या जानेवारीत आपण तेथे असाल, त्याच ऋतूत ईशान्येच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्यावरची गलबते तिकडे जात आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परतत. गेदीला २०२४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या लामू बेटावरील जुने शहरही तितकेच मोलाचे आहे, पण ते चार दिवसांत बसवू नये. तेथे मुक्काम करावा लागतो.

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात परतताना अडचण येते.

प्रश्न : केनियातील रेल्वे भारतीय मजुरांनी बांधली, असे ऐकले आहे. त्याची आठवण कोठे पाहायला मिळते?
— एक वाचिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नैरोबी स्थानकाजवळच्या रेल्वे संग्रहालयात. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला आणि त्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर भारतातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. संग्रहालयाच्या आवारात जुनी वाफेची इंजिने उभी आहेत. ज्या डब्यातून १९०० मध्ये सिंहाने एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेले, तो डबाही तेथे जपलेला आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्याभोवतीच रेंगाळतात. आपण मात्र रेल्वेच्या बांधकामाची जुनी छायाचित्रे आधी पाहावीत.