शाश्वत बांधकामाची कौशल्यं: मराठवाड्यातल्या वाचकांचे प्रश्न

सिव्हिलचा डिप्लोमा झाला आहे. हरित इमारतींच्या क्षेत्रात काम करायचं आहे. आधी कोणतं प्रमाणपत्र घेऊ? (लातूर)

गृहा किंवा आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्थांच्या परीक्षा उपयोगाच्या आहेत, विशेषतः मोठ्या शहरातल्या सल्लागार कंपनीत नोकरी हवी असेल तर. पण त्यांनी सुरुवात करू नका. तिथे मुख्यतः गुणांकनाची पद्धत शिकायला मिळते, आपल्या भागातली इमारत कशामुळे बिघडते ते नाही.

आधी तीन गोष्टी स्वतःच्या हाताने मोजायला शिका: मातीची फुग, उन्हाचा कोन आणि छतावर पडणारं पाणी. त्यानंतर इको-निवास संहिता, म्हणजे घरांमधल्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली, वाचा. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची तिने घातलेली मर्यादा आपल्या हवामानात १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. हे गणित साध्या स्प्रेडशीटवर होतं. गावातल्या एखाद्या खऱ्या घराचं सोडवा आणि मुलाखतीला तेच घेऊन जा.

काळ्या रानात घर बांधलं की दोन-तीन वर्षांत भिंती तडकतात. जास्त लोखंड घातलं तर थांबेल का? (साइट इंजिनिअर, परभणी)

नुसत्या लोखंडाने थांबणार नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या कडेची माती पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात वाळते. मधली मात्र झाकलेली असल्याने फारशी हलत नाही. कड वरखाली होते, मध्य जागच्या जागी राहतो. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते आणि दारं चौकटीत अडकतात.

माती किती फुगते ते आधी तपासा. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती १०-१० ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्या. एकात रॉकेल भरा, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे तिथलं आकारमान हा तुलनेचा पाया. समजा रॉकेलमध्ये १२ मिली आणि पाण्यात २२ मिली भरली, तर फुग (२२ − १२) ÷ १२, म्हणजे ८३ टक्के. ५० च्या वर आकडा गेला की नेहमीचा उथळ पाया विसरा.

पाया ठरवण्याआधी चाचणी खड्डा घ्या. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागत असेल तर पाया तिथपर्यंत न्या, तेच सगळ्यात स्वस्त पडतं. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला, तळाशी फुगा असलेला काँक्रीटचा खांब, घ्या: खोली साधारण साडेतीन मीटर, खालचा फुगा खांबाच्या व्यासाच्या अडीचपट. पाइलवरच्या बीमखाली किमान ८० मिमी मोकळी जागा ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जाणार नाही. ही फट भरून टाकणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, त्या दिवशी साइटवर उभे राहा.

काळ्या मातीत खोदलेल्या पायात वाळू भरायची पद्धत तर बंदच करा. वाळूत पाणी साचतं आणि बाजूच्या मातीला महिनोन्महिने पाजत राहतं. भराव मुरमाचा हवा, १५ सेंमीच्या थरांत पाणी मारून धुमस केलेला. घराभोवती दीड मीटर रुंद फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, न्हाणीघराचे पाइप गळू देऊ नका. मोठं झाड भिंतीपासून त्याच्या उंचीइतकं लांब लावा.

हे सगळं शाश्वततेच्या प्रश्नात कशाला, असं वाटेल. दहा वर्षांत पाडावं लागणारं घर दोनदा सिमेंट खातं. कोणत्याही हरित मानांकनाने ते भरून निघत नाही.

ग्राहकाला रस्त्याकडची पश्चिम बाजू पूर्ण काचेची हवी आहे. त्याला कसं पटवू? (आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगर)

आकड्याने. साध्या काचेतून उन्हाची जवळपास ८० टक्के उष्णता आत येते. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर ५०० वॅट प्रति चौरस मीटर धरले, तरी १० चौरस मीटर काचेतून ४,००० वॅट आत येतात. म्हणजे एक टनाहून (सुमारे ३,५०० वॅट) मोठा एसी फक्त त्या काचेसाठी चालवायचा. विजेच्या बिलाच्या भाषेत मांडा, ग्राहक ऐकतात.

आता छज्जा. आपण १९-२० अक्षांशाच्या आसपास आहोत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, दुपारचा सूर्य जवळपास ७० अंशांवर असतो. दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीला ४५ सेंमीचा छज्जा तेव्हा पूर्ण सावली देतो. डिसेंबरात सूर्य ४७ अंशांपर्यंत उतरतो आणि हवंसं ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र हा छज्जा निकामी, कारण तिथलं ऊन खालून तिरपं शिरतं. तिथे भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या (फिन), जाळीची भिंत किंवा खोलीऐवजी जिना आणि स्वच्छतागृह टाका. काच हवीच असेल तर ती उत्तरेला न्या.

फ्लाय ॲश विटा आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरलं, तरी गिलाव्याला केसासारख्या भेगा. माल खराब की काम? (ठेकेदार, बीड)

बहुधा दोन्ही थोडं थोडं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेमुळे तुमच्याकडे या विटा सहज मिळतात, पण ताज्या विटा भिंतीत आकसतात. २८ दिवस पुरे झालेला लॉटच घ्या. कोरडी वीट वजन करून २४ तास बुडवा: ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर परत पाठवा. वीट आणि काँक्रीट जिथे जुळतात तिथे जाळी लावल्याशिवाय गिलावा करू नका.

पीपीसीत राख आधीच असते, साइटवर आणखी मिसळू नका. हे सिमेंट सावकाश ताकद धरतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा काँक्रीटला किमान १० दिवस पाणी, शक्यतो १४. टंचाईत स्लॅबवर ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक अंथरा, सतत पाइप मारण्यापेक्षा पाणी खूप कमी लागतं. आरसीसीसाठी बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोराइड तपासा, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम.

आजोबांचं दगडी, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर पाडावं का? किल्लारीच्या भूकंपानंतर सगळे भितात. (उमरगा)

भीती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला माणसं गेली ती मुख्यतः अशाच घरांखाली. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, मध्ये दगडगोटे आणि माती, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर गळती थांबवायला वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. ४५ सेंमी मातीचं वजन चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास होतं.

भिंत फुगलेली नसेल, लाकूड किडलेलं नसेल, तर घर वाचू शकतं. आधी वरची माती उतरवून १५ सेंमीवर आणा, चौरस मीटरला जवळपास ५०० किलो ओझं कमी होतं. गळतीसाठी वर हलका जलरोधक थर द्या. मग साधारण दर मीटरला भिंतीत आरपार भोक पाडून, टोकाला आकडा (हुक) असलेली सळई घालून काँक्रीट भरा. दार-खिडक्यांच्या वर घराला चौफेर पट्टा हवा. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच घ्या. भिंत फुगलेली दिसली तर मोह सोडा. पाडा, दगड मात्र नव्या जोत्यात वापरा.

शाळेच्या पत्र्याचं पाणी बोअरमध्ये सोडायचं आहे. हिशेब कसा करू? (कनिष्ठ अभियंता, धाराशिव)

२०० चौरस मीटर पत्रा आणि ७०० मिमी पाऊस धरला, त्यातलं ८५ टक्के हाती लागलं तर वर्षाला १ लाख १९ हजार लिटर. पण निर्णय वर्षाच्या आकड्यावर होत नाही. तासाला २५ मिमीची सर आली तर याच पत्र्यावरून तासाला ४,२५० लिटर येतं. बोअर ते त्या वेगाने गिळतं का, हा खरा प्रश्न. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी फक्त फटींतून मुरतं, दोन बोअर शेजारी असूनही वेगळे वागतात.

म्हणून उन्हाळ्यात कोरड्या बोअरमध्ये ५,००० लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर ओता आणि पातळी किती वेळात उतरते ते लिहून ठेवा. तासाभरानंतरही पाणी वरच उभं असेल तर पुनर्भरणाचा नाद सोडा आणि २० हजार लिटरची टाकी बांधा. २०० मुलांना रोज ५ लिटर धरले तर एकदा भरलेली टाकी २० दिवस पुरते, आणि पावसाळ्यात ती अनेकदा भरते.

बोअर पाणी घेत असेल तर प्रत्येक मोठ्या सरीचे पहिले, पत्र्यावरची घाण धुऊन आणणारे २ मिमी, म्हणजे ४०० लिटर, बाहेर काढणारा व्हॉल्व्ह लावा. गाळणीच्या खड्ड्यात तळाला मोठे दगड, मग २० मिमी खडी आणि वर ३० सेंमी जाड वाळू. वाळू वर अशासाठी, की साचलेला गाळ खरवडून ती धुता यावी. शौचालयाच्या टाकीपासून हे बोअर किमान १५ मीटर दूर हवं. मंजुरीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी मे महिन्यात वाळू धुण्याची मजुरी धरा. बहुतेक ठिकाणी हीच ओळ नसते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा तुंबतो.