फोटो एडिटिंगसाठी माऊस घेताय? आधी हात बघा

डीपीआय म्हणजे माऊस थोडा हलवल्यावर कर्सर किती सरकतो त्याचं माप; त्याच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. रिटचिंगला, म्हणजे फोटोतले दोष दुरुस्त करायला, साधारण ८०० ते १६०० डीपीआय पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर केसांच्या कडेने मास्क काढताना (एडिट करायचा भाग आखून वेगळा करताना) कर्सर निसटतो. डीपीआय बदलायचं बटण माऊसवरच असेल तर उत्तम, बारीक कामापुरता वेग कमी करता येतो.

खरा प्रश्न पकडीचा आहे. तळवा माऊसवर पूर्ण टेकतो की फक्त बोटं, हे पाहा आणि शक्यतो हातात धरूनच निवडा. लहान माऊसवर तासन्‌तास क्लोन स्टॅम्प (फोटोचा एक भाग दुसरीकडे उमटवणारं टूल) चालवलंत की मनगट बोलायला लागतं, आणि ते दुखणं अजिबात अंगावर काढू नका.

बाजूची दोन बटणं मात्र हवीतच. एकावर अनडू, दुसऱ्यावर ब्रश लहान करण्याची कमांड लावा. वायर की वायरलेस, याने फारसा फरक पडत नाही.

विंडोजवर माऊसच्या सेटिंगमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करून पाहा. ते चालू असताना हात किती वेगाने हलतो त्यावर कर्सरचं अंतर बदलतं, त्यामुळे हाताला अंदाज बसत नाही.

डॉज-बर्न (फोटोचे काही भाग उजळ किंवा गडद करणं) किंवा त्वचेचं रिटचिंग रोजचंच असेल, तर महागड्या माऊसऐवजी छोटा पेन टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चालवायची पाटी) घ्या. दाबानुसार ब्रशची जाडी बदलणं माऊसला जमत नाही.